भोंगा न वाजलेली दुपार

चेल्लम्माने माझी मानगूट धरून मला रस्त्याखालच्या मोरीत ढकललं, तेव्हा मला वाटलं बाईला वेड लागलं. मी शिवी दिली. शिवी पुरी व्हायच्या आत जमीन खालून उचलल्यासारखी झाली आणि मग कानावर कुणी मुसळ घालावं तसं झालं. त्याला आवाज म्हणता येणार नाही. त्यानंतर दगड पडायला लागले. वर डांबरावर, पलीकडच्या पत्र्यावर, बाभळीत. एक दगड मोरीच्या तोंडाशी आपटला आणि त्याची ढलपी उडून माझ्या पोटरीला लागली. माझी नात मुक्ता वही पोटाशी धरून पालथी पडली होती. मी तिला हाक मारली, ती हलली नाही. पुन्हा मारली, तरी नाही. चेल्लम्मा आम्हा दोघींच्या अंगावर आडवी पडून तमिळमध्ये काहीतरी पुटपुटत होती. दगड मोजत असेल, नाहीतर देवीचं नाव घेत असेल.

हे सगळं कशासाठी, तर आवाज मोजण्यासाठी.

मुक्ता माझ्या लेकीची लेक. पुण्यात एका कंपनीत आहे. कुणाला खाण किंवा कारखाना वाढवायचा असला की आधी तिथली हवा, पाणी, आवाज मोजून सरकारला कागद द्यावा लागतो. तो कागद करणारी ही कंपनी. मी विचारलं, "तुम्हाला नेमतं कोण? सरकार?" म्हणाली, "नाही आज्जी, खाणवालाच नेमतो." म्हणजे सुनेची परीक्षा घ्यायची आणि परीक्षक म्हणून तिच्या आईलाच बसवायचं. मी चौथी शिकलेली बाई, पण एवढं मलाही कळतं. मोठ्या शाळांत शिकलेल्यांना ते चालतं.

या वेळचं काम तंजावूरच्या बाजूचं होतं. दगडाची खाण होती आणि मालकाला ती वस्तीच्या अंगाने वाढवायची होती. तंजावरचं नाव ऐकून मी म्हटलं, मी येते. आमच्या गावात तंजावरबद्दल प्रत्येकाला मत आहे. आपले राजे तिथे होते, आपली भाषा तिथे आहे, असं पारावर बसून सांगतात. गेलेला एकही नाही. म्हटलं, निदान एकीने तरी पाहून यावं.

तंजावूर

आम्ही उतरलो पद्माबाईंकडे. मुक्ताच्या ऑफिसातल्या एकाची ही मावशी, प्राथमिक शाळेतून रिटायर झालेली, राजवाड्याच्या मागच्या गल्लीत एकटी राहते. घरातलं बोलणं मराठी. पण ती मराठी ऐकून मला आधी हसू आलं, मग राग आला, मग चौथ्या दिवशी मीच तशी बोलायला लागले.

"या, बसा. काफी घेतांत?"

"चहा नाही का?"

"चहा अहे. पण माणसानं काफी घ्यावी."

काफी आली ती वाटीत ठेवलेल्या पेल्यातून. उंचावरून ओतून ओतून फेस आणतात. चांगली होती. मी तसं सांगितलं नाही, नाहीतर चहा कायमचा गेला असता.

पद्माबाईंना आपली अक्षरं वाचता येत नाहीत. मराठी बोलते, पण लिहायची झाली तर तमिळ अक्षरांत लिहिते. नातवाशी फोनवर मराठीत बोलते, तो तमिळमध्ये उत्तर देतो, दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नाही. एकदा मला विचारलं, "अक्का, तुमच्या गांवांत सगळे मरहट्टीच बोलतांत?"

"मग काय."

"दुकानांत? बसमधे?"

"सगळीकडे."

"दिवसभर?"

"झोपेत सोडून."

"दमत नहींत?" ती म्हणाली, आणि खरंच काळजीने म्हणाली.

जेवण केळीच्या पानावर. डांगराची पचडी केली होती. आमच्याकडे उडदाच्या पिठाचं डांगर करतात तेच, दह्यात कालवून, पण वरून फोडणी आणि कढीपत्ता. आंबट खाण्यात ही माणसं आमच्या पुढे आहेत. सकाळी आंबट, दुपारी आंबट, रात्री ताकभात. तिसऱ्या दिवशी मी साधं पिठलं मागितलं. ती म्हणाली, "पिटलं मजला येतं." तेही आंबट केलं.

मोठं देऊळ पाहिलं. मोठं आहे, त्यात वाद नाही. एवढे दगड वर चढवले आणि एकही कुणाच्या डोक्यात घातला नाही, हे त्या कारागिरांचं मोठेपण. तिथला गाइड सगळ्यांना सांगत होता की या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही. लोक माना हलवत होते, फोटो काढत होते. पद्माबाई म्हणाली, "लहानपणापासून ऐकतो अम्ही." मी ओवरीत बसून राहिले. दुपार कलल्यावर सावली पडली, चांगली लांबच लांब. मी गाइडला बोटाने दाखवली. तो दुसऱ्या घोळक्याकडे गेला. डोळ्यांसमोरची सावली नाही म्हणणारी माणसं पुढे मला बरीच भेटायची होती.

खाणीकडे

तंजावर म्हटलं की लोकांना कावेरी, भातशेती आणि नारळ आठवतात. ते खरंच आहे, पण पुदुक्कोट्टईच्या बाजूला तासभर गेलं की ते सगळं संपतं. कालवे तिथवर पोचत नाहीत. लाल माती, बाभळी, काजूची खुरटी झाडं आणि खालून वर आलेला काळा खडक. आमच्या माळासारखंच. मला तिथे गेल्यावर घरी आल्यासारखं वाटलं, यातच आमचा माळ काय लायकीचा आहे ते आलं.

खाण म्हणजे जमिनीला पाडलेलं चौकोनी भगदाड. शेजारी खडी फोडायची मशीनं. दर पाच मिनिटाला ट्रक. आणि भगदाडापासून शे-दोनशे पावलांवर चेल्लम्माचं घर, कौलारू, भिंतीला हात जाईल एवढी चीर. ती माझ्याच वयाची. नवरा गेलेला, मुलगी कोइंबतूरला दिलेली. घर, अंगणातली चिंच आणि सहा शेळ्या एवढंच तिचं. खाण वाढली तर तिच्या कुंपणाला येऊन भिडणार होती. मुक्ताच्या यंत्रात आवाज मर्यादेबाहेर निघाला तर ही वाढ थांबणार होती, नाही निघाला तर चेल्लम्माने उठायचं. हे सगळ्यांना माहीत होतं. चेल्लम्मालाही.

पद्माबाईने तिचं बोलणं मला मराठीत करून सांगितलं. "ती म्हणते, ही पोर मोजणार ना, मग खरं मोज म्हणावं."

मुक्ता म्हणाली, "खरंच मोजणार."

परीक्षक कुणाची आई आहे ते मला माहीत होतं.

यंत्र म्हणजे पायलीएवढं काहीतरी मोठं असेल असं मला वाटलं होतं. होतं टीव्हीच्या रिमोटएवढं. तीन पायांवर छातीच्या उंचीला उभं करतात, भिंतीपासून लांब, आणि तोंडावर काळ्या स्पंजचं टोपडं घालतात, वाऱ्याचा आवाज मोजला जाऊ नये म्हणून. सुरू करण्याआधी एक डबी तोंडाला लावून शिट्टीसारखा ठरलेला सूर ऐकवायचा आणि यंत्र तोच आकडा दाखवतं का ते पाहायचं. ही पद्धत मला आवडली. माणसांनाही सकाळी असा एकेक सूर ऐकवून पाहावं.

चाळीस वर्षं मी पिठाची गिरणी चालवली आहे. डावा कान त्यातच गेला. आवाजाचं मला कुणी शिकवायला नको. मुक्ताने सांगितलं की राहत्या वस्तीत दिवसा आवाज पंचावन्न डेसिबलच्या वर जाऊ नये. मी म्हटलं, "आणि सुरुंगाचं काय? तो तर एकदाच उडतो."

"तो सरासरीत जातो, आज्जी."

"सरासरीत म्हणजे?"

"दिवसभरात वाटला जातो."

"म्हणजे एखादीला नवऱ्याने रोज एक थोबाडीत मारली आणि ती दिवसभरात वाटली, तर तिला कुणी मारलंच नाही."

मुक्ता हसली नाही. तिने वहीत काहीतरी लिहिलं.

सुरुंग रोज एक वाजता. त्याआधी खाणीतला भोंगा तीनदा वाजायचा. भोंगा वाजला की वस्तीतली माणसं उठून देवीच्या देवळामागे जायची. पोरं, म्हातारी, हातातलं जेवण घेऊन. आणि चेल्लम्माच्या शेळ्या रानात कुठेही असल्या तरी धावत घरी यायच्या. मी स्वतः पाहिलं. भोंगा वाजताच सहाच्या सहा ओळीने आल्या आणि गोठ्यात शिरल्या. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. चेल्लम्मा म्हणाली की पहिल्या वर्षी दोन मेल्या, तेव्हा बाकीच्यांनी शिकून घेतलं.

खाणीचा मॅनेजर इस्त्रीच्या शर्टातला माणूस होता. रोज येऊन यंत्रात डोकवायचा. त्यात आषाढातला त्यांचा देवीचा महिना चालू होता. देवळावर दोन कर्णे बांधलेले, सकाळपासून गाणी. पहिल्याच दिवशी यंत्राचा आकडा पाहून तो खूश झाला. "पाहा, देऊळ आमच्यापेक्षा जास्त ओरडतं," म्हणाला. मग पद्माबाई देवळात गेली आणि शाळेतल्या आवाजात पंचांशी बोलली. दोन दिवस सकाळी कर्णे बंद राहिले. तेव्हा नुसत्या खाणीचा आकडा आला. तो पंचावन्नच्या बराच वर होता. मॅनेजरचं हसणं गेलं आणि तो मुक्ताला "मॅडम" म्हणायला लागला.

तिरुवैयारु

रविवारी काम बंद. पद्माबाई आम्हाला कावेरीकाठी तिरुवैयारुला घेऊन गेली. गाणाऱ्यांचं गाव आहे म्हणे. दर दुसऱ्या घरातून कुणीतरी सा रे ग म घोटत असतं. तिथला मूगडाळीचा हलवा खाल्ला, तुपात पोहत होता. आमच्याकडच्या लग्नात एवढं तूप वाढलं तर वरपिता आजारी पडेल. नदीला पाणी होतं. पायऱ्यांवर बसून पाय सोडले, आणि खरं सांगायचं तर तिथून उठावंसं वाटेना.

शेजारच्या घरात एक मुलगी गात होती. एकच ओळ पुन्हा पुन्हा, चुकली की पहिल्यापासून. मुक्ताच्या पिशवीत यंत्र होतं. मी म्हटलं, लाव. तिने लावलं. आकडा चेल्लम्माच्या अंगणात आलेल्या खाणीच्या आकड्याच्या आसपास आला.

"हे गं काय?" मी म्हटलं.

"यंत्राला काय कळतंय, आज्जी."

"मग कुणाला कळायचं?"

"जो शेरा लिहितो त्याला," मुक्ता म्हणाली. वहीत आकड्यांच्या शेवटी शेऱ्याचा एक रकाना असतो. तिच्या कंपनीत तो रिकामाच सोडायची पद्धत आहे, असं तिने सांगितलं.

सोमवार

सोमवारी देवळात कूळ होती. कूळ म्हणजे नाचणीची आंबील. मोठमोठ्या हंड्यांत करतात, देवीला दाखवतात आणि मग येईल त्याला वाढतात. सोबत कांदा, मिरची. आमच्याकडे देवीच्या नैवेद्याला आंबील करतात तीच, पण हे लोक रांग लावून पितात आणि तिच्यापुढे बाकी कशाला किंमत देत नाहीत. पद्माबाई वाढायला गेली. वस्ती सगळी देवळात, एकटी चेल्लम्मा घरी. आम्ही दोघी यंत्रापाशी, कारण मुक्ताला घराजवळून सुरुंगाचा आकडा हवा होता. ठरलं असं होतं की भोंगा वाजला की यंत्र चालू ठेवायचं आणि आपण देवळामागे पळायचं.

एक वाजायला आला. भोंगा नाही. मुक्ताने घड्याळ पाहिलं. "आज उशीर दिसतोय."

मी म्हटलं, "आंबील पीत असतील."

चेल्लम्मा घराबाहेर आली. शेळ्या अजून परतल्या नव्हत्या. ती खाणीच्या बाजूला आठ-दहा पावलं गेली, हात कपाळावर धरून पाहिलं आणि थांबली. तिला काय दिसलं ते मला नंतर कळलं. खाणीच्या कडेला मजूर ट्रकच्या आड उकिडवे बसले होते, सगळे एकाच बाजूला. ती वळली आणि धावत आली. सत्तरीची बाई अशी धावलेली मी पाहिली नव्हती. मुक्ताचा दंड धरला, माझी मानगूट धरली. पुढचं वर सांगितलं आहे.

दगड थांबल्यावर मुक्ता हलली. तिला लागलं नव्हतं, ती नुसती गोठली होती. मी तिला आईवरून शिव्या दिल्या, म्हणजे माझ्याच लेकीवरून. मग तिघी बाहेर आलो. चिंचेची फांदी तुटली होती. घराची कौलं गेली होती, चुलीवर आभाळ दिसत होतं. यंत्र मात्र तीन पायांवर तसंच उभं, धुळीने पांढरं, आकडे दाखवत. चेल्लम्मा यंत्राकडे पाहायला थांबली नाही. ती शेळ्यांच्या नावांनी हाका मारत रानात गेली.

मॅनेजर मोटरसायकलवरून आला. पहिला प्रश्न काय विचारला असेल? "मॅडम, रीडिंग नीट आलं ना?"

पद्माबाई देवळातून धापा टाकत आली होती, हाताला आंबील तशीच. तिने त्याला तमिळमध्ये विचारलं आणि मला मराठीत सांगितलं. तो बिचारा लपवतही नव्हता. भोंगा त्यानेच बंद ठेवला होता. आज घराजवळून सुरुंगाचा आवाज मोजणार आहेत, भोंग्यानेच आकडा वाढेल, म्हणून आज भोंगा नको, असा हुकूम. त्याऐवजी एका माणसाला लाल बावटा देऊन वस्तीत पाठवलं होतं. बावटेवाला देवळावरून येताना आंबिलीच्या रांगेत उभा राहिला. बावटा काखेत होता.

आवाज मोजण्यासाठी सावध करणारा आवाज बंद करायचा. मी खेड्यात जन्म काढला, मूर्ख पुष्कळ पाहिले. पण त्यासाठी इतकं शिकलेला कुणी पाहिला नव्हता.

बावटेवाला समोर उभा होता, ओठावर नाचणी. पद्माबाई त्याला म्हणाली, आणि तेवढं तिने मराठीतच म्हटलं, "तुझ्या अज्जीला मीच शिकिवलं असतं तर तुला रांगेत उभं राहायचं कळलं नसतं." त्याला काही समजलं नाही. मलाही नीटसं नाही.

संध्याकाळी मुक्ताच्या पुण्याच्या साहेबांचा फोन आला. तिने तो स्पीकरवर लावला, मला ऐकू यावं म्हणून. साहेब म्हणाले, तो तास काढून टाक. त्यात जवळून माणसाचं बोलणं आलंय, रीडिंग बाद धरतात.

"सर, ते बोलणं म्हणजे माझी आज्जी शिव्या देतेय. सुरुंग त्याच्या आधी आहे."

"तेच म्हणतो मी. कंटॅमिनेटेड."

"सर, भोंगा बंद होता."

"तो आपला विषय नाही. आपला विषय आवाज."

मी मध्ये बोलले नाही. मुक्ताच्या नोकरीवर मी संसार चालवत नाही, ती चालवते. मग ती म्हणाली, "काढत नाही, सर," आणि फोन ठेवला.

तिने वही उघडली. सरासरी लिहिली, सुरुंगाचा सगळ्यात मोठा आकडा वेगळा लिहिला आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं की भोंगा मुद्दाम बंद ठेवला होता, घराची कौलं फुटली, आवाज मोजणारी माणसं मोरीत होती. रकाना पुरला नाही, तिने समासात लिहिलं. दुसऱ्या दिवशी साक्षीदार म्हणून आम्ही सह्या केल्या. माझी मराठीत, चेल्लम्माची तमिळमध्ये. तिची माझ्यापेक्षा वळणदार होती. पद्माबाईने त्या पानाची तमिळमध्ये नक्कल करून घेतली आणि खाण वाढवण्यावरच्या सरकारी सुनावणीच्या दिवशी स्वतः उभं राहून कलेक्टर ऑफिसात वाचली, असं तिने फोनवर सांगितलं. वाचताना पंख्याचा आवाज फार होता म्हणून तिने पंखा बंद करायला लावला.

चेल्लम्माच्या बाजूची वाढ सध्या थांबवली आहे. रद्द नाही, थांबवली. सरकारला थांबवणं जमतं, रद्द करणं जमत नाही. मुक्ताला कंपनीने नवीन काम दिलं नाही, तेव्हा ती दुसरीकडे गेली. मॅनेजर आहे तिथेच आहे. बावटेवाला काढला, म्हणजे जो रांगेत उभा होता त्याला शिक्षा झाली आणि ज्याने भोंगा बंद केला तो अजून इस्त्रीचे शर्ट घालतो. कौलं गावाने मिळून घातली.

आता गावात लोक मला विचारतात, तंजावर कसं आहे. मी सांगते, देवळाची सावली पडते. त्यांना ते आवडत नाही.

त्या दुपारी खाणीजवळ मी होते, मुक्ता होती, चेल्लम्मा होती आणि तिच्या सहा शेळ्या होत्या. आम्ही तिघी जगलो. शेळ्यांतली एक जगली.